शेंगेतले बियाणे आणि कुपीतले बियाणे

(तुळजापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने जीवाणूंविषयी बोलावयास उभे राहावे ह्याचे आपल्यापैकी अनेकांस नवल वाटले असेल. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांना ऊसदर, रोजगार हमी किंवा पीकविमा ह्यांपैकी काहीतरी अपेक्षित होते. मी ‘प्लास्मिड’ हा शब्द उच्चारताच दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. तरीही त्यांनी तो विषय मान्य केला, ह्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. जीवशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु उत्पादनाचे साधन कोणते, ते कोणी घडविले आणि ते आज कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न मी आयुष्यभर वर्गात शिकवीत आलो, आणि हेच प्रश्न ह्या डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूलाही लागू पडतात, असे माझे मत आहे.

सुरुवात आपल्या गावापासूनच करतो. मार्च २०२० मध्ये भवानीमातेच्या मंदिराचे दरवाजे भक्तांसाठी बंद झाले, ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडले. दरम्यान नवरात्र गेले आणि कोजागरीही गेली. सोलापूरहून रात्रभर पायी चालत येणारा माणसांचा लोंढा त्या वर्षी आला नाही. ह्या गावाचे पोट यात्रेवर चालते. कवड्यांच्या माळा आणि परड्या विकणारे, कुंकवाची व बांगड्यांची दुकाने, लॉजवाले, रिक्षावाले, आराधी, गोंधळी, ह्या सर्वांची चूल त्या आठ महिन्यांत कशी पेटली असेल हे आपण मजहून अधिक जाणता. तेव्हा घराघरांत एकच प्रश्न होता: ‘रिपोर्ट आला का?’ जिल्ह्यात तपासणीची सोय नव्हती तोवर घशातील स्राव दुसऱ्या जिल्ह्यात पाठवावा लागे आणि निकाल येईतो माणूस अलगीकरणात बसून राही. पुढे त्याच वर्षी विद्यापीठाच्या येथील उपकेंद्रात, तेव्हाच्या उस्मानाबादेस आणि आजच्या धाराशिवला, प्रयोगशाळा उभी राहिली. विद्यापीठाचे उपकेंद्र कशासाठी असते ह्याचे ह्याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

आता त्या तपासणीच्या किमतीकडे पाहू. मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळांसाठी केंद्राने ठरविलेली कमाल किंमत ४,५०० रुपये होती. जूनमध्ये महाराष्ट्र शासनाने ती २,२०० वर आणली, आणि एप्रिल २०२१ येईपर्यंत ती ५०० रुपये झाली होती. एका वर्षात एक-नवमांश! ह्या काळात नवे कोणतेही विज्ञान जन्मास आले नव्हते. तपासणी तीच होती, विषाणू तोच होता आणि माणसेही तीच होती. जी वस्तू वर्षभरात नऊ रुपयांवरून एका रुपयावर येते, तिच्या मूळ किमतीत उत्पादनखर्च किती आणि टंचाईचा भाव किती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडावयास हवा. शासनाने आदेश काढून किंमत खाली आणली ह्याचे श्रेय शासनास अवश्य द्यावे. परंतु आदेश किमतीवर निघाला. त्या डबीत जे घातले जाते, त्याचे उत्पादन कोणी आणि कोठे करावे, ह्यावर कोणताही आदेश निघाला नाही.

त्या डबीत काय असते? मुख्यतः दोन प्रथिने, ज्यांस शास्त्रज्ञ विकर किंवा एन्झाइम म्हणतात. एक विषाणूच्या आरएनएची डीएनएत नक्कल उतरविते. दुसरे त्या डीएनएच्या एका प्रतीच्या कोट्यवधी प्रती करते, म्हणजे जे दिसत नव्हते ते मोजता येते. ही दोन्ही प्रथिने एके काळी त्यांच्या मूळ ठिकाणाहून मोठ्या खटाटोपाने काढावी लागत. आज ती एका अगदी सामान्य जीवाणूकडून करवून घेतली जातात. आपल्या सर्वांच्या आतड्यांत राहणारा ई. कोलाय हा तो जीवाणू. त्याच्या प्रयोगशाळेतील निरुपद्रवी जातीला काय बनवावयाचे हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे प्लास्मिड.

हा शब्द १९५२ साली जोशुआ लेडरबर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने रूढ केला. जीवाणूचे स्वतःचे जनुकीय भांडार असतेच. त्याशिवाय त्याच्या पोटात डीएनएची लहान लहान कडी असतात आणि ती स्वतंत्रपणे आपल्या प्रती काढतात. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे ती जाऊही शकतात. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण जीवाणूंमध्ये पसरतो तो बहुतांशी ह्याच कड्यांमार्फत, आणि इस्पितळांना भेडसावणारी ती समस्या खरीच आहे. शास्त्रज्ञांनी ह्याच कड्याचा वाहक बनविला. त्यात ते चार-पाच गोष्टी ठेवतात. आपल्या प्रती काढण्याचा आरंभबिंदू. प्रतिजैविकाला तोंड देणारे एक जनुक, जेणेकरून औषध घातलेल्या रश्श्यात फक्त चिठ्ठी घेतलेलेच जीवाणू जगतील. ‘आता कामाला लागा’ असा हुकूम देणारा भाग, जो आपल्याला हवा तेव्हाच चालू करता येतो. मग जे प्रथिन हवे त्याचे जनुक. आणि त्या जनुकाला जोडलेली एक खूण, जिला टॅग म्हणतात.

ही खूण कशासाठी? कोजागरीच्या यात्रेत लहान लेकराला घेऊन येणारी शहाणी माउली त्याच्या खिशात किंवा गळ्यात घरच्या पत्त्याची चिठ्ठी अडकविते, कारण त्या गर्दीत ‘गोरा आहे, सहा वर्षांचा आहे’ एवढ्या वर्णनावर मूल सापडत नाही. जीवाणूच्या पोटातही हजारो प्रकारच्या प्रथिनांची अशीच यात्रा भरलेली असते. त्यातून आपले एक प्रथिन वेगळे काढण्यासाठी त्याच्या टोकाला हिस्टिडीन नावाच्या अमिनो आम्लाचे सहा मणी ओवतात. हे सहा मणी निकेल धातूला चिकटतात. जीवाणू फोडून त्यांचा रस निकेल बसविलेल्या बारीक मण्यांच्या नळीतून सोडला की इतर बहुतेक गर्दी वाहून जाते आणि आपले लेकरू नळीत अडकून राहते. मग एका साध्या रसायनाने ते सोडवून घ्यावयाचे. मूळ कल्पना एवढीच आहे. जे काम पूर्वी महिनोन् महिने चाले, ते ह्या खुणेमुळे एका दिवसात होऊ लागले.

आता ह्या वस्तूचे अर्थकारण पाहा. ई. कोलाय चांगल्या अन्नात सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. अन्न पुरेसे असेल तर एका पेशीच्या दहा तासांत हिशेबाने १०७ कोटी पेशी होतात, आणि प्रत्येकीत त्या कड्याच्या प्रती असतात. प्लास्मिड टीपकागदावर थेंबभर टाकून वाळविले तर साध्या पाकिटातून टपालाने जाते. पोहोचल्यावर त्या ठिपक्याचा कागद कापून पाण्यात भिजवावयाचा आणि जीवाणूत घालावयाचे. अर्थशास्त्रात आम्ही ज्याला सीमांत खर्च म्हणतो, तो येथे जवळजवळ शून्य आहे.

तुळजापूर तालुक्यातील शेतकऱ्याला हे समजावयास पुस्तक लागत नाही. सोयाबीनचे बी आपण घरचे ठेवू शकतो. निवडावे, वाळवावे, उगवण तपासावी आणि पुढच्या मृगात पेरावे. संकरित कापसाचे तसे नाही, त्याची पिशवी दर वर्षी दुकानातूनच आणावी लागते. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन बियाणे उगवले नाही अशा तक्रारी मराठवाडाभर झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरच्या कणगीत जपलेले बी होते ते निर्धास्त होते. प्लास्मिड हे सोयाबीनच्या बियाण्यासारखे आहे. एकदा मिळाले की जपता येते, वाढविता येते आणि शेजाऱ्यालाही देता येते. तयार एन्झाइमची कुपी ही संकरित बियाण्याची पिशवी आहे. आणि आपली महाविद्यालये, आपली रुग्णालये आणि आपल्या तपासण्यांच्या डब्या बनविणारे पुष्कळसे कारखाने ही पिशवीच विकत घेत आले आहेत.

माझ्या पुतणीची मुलगी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान विषयात एम.एस्सी. करीत होती. तिच्या प्रकल्पासाठी परदेशी एन्झाइमची एक कुपी मागविली गेली. मागणीपत्र, तीन दरपत्रके, मंजुरी, अग्रिम रक्कम, ह्या सर्व पायऱ्या चढून ती यावयास चार महिने लागले. आली तेव्हा डब्यातील बर्फाचे पाणी झाले होते. त्यातूनही ती चालली. पुढे मे महिन्यात दोन दिवस वीज गेली आणि जनित्राला डिझेल नव्हते, तेव्हा मात्र ती कायमची गेली. मुलीने प्रबंधात दुसऱ्यांच्या निबंधातील आकृत्या उतरविल्या आणि तिला पहिला वर्ग मिळाला. ह्यात मी कोणा एकाला दोष देत नाही. मी तिला केवळ एवढेच विचारले, ‘हे एन्झाइम तुम्हीच का बनवीत नाही?’ ती म्हणाली, ‘आजोबा, प्लास्मिड मिळाले तर आम्ही आठवड्यात बनवू. पण प्लास्मिड कोणाकडे मागायचे हेच आम्हांला कोणी सांगितले नाही.’ मी ह्या विषयाच्या मागे लागलो तो ह्या वाक्यामुळे.

हे साधन घडविले कोणी? १९७२ च्या नोव्हेंबरात होनोलुलू येथे प्लास्मिडांविषयीच्या एका परिषदेत स्टॅनफर्डचे स्टॅनली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बोयर भेटले, आणि १९७३ साली परका डीएनए प्लास्मिडात जोडून जीवाणूत वाढविण्याची त्यांची रीत प्रसिद्ध झाली. हे संशोधन मुख्यतः सार्वजनिक पैशातून झालेले होते. तरी विद्यापीठांनी १९७४ साली पेटंटसाठी अर्ज केला. कोहेन ह्यांचे मन प्रथम त्यास तयार नव्हते, हे नमूद करावयास हवे. २ डिसेंबर १९८० रोजी ते मिळाले आणि १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत विद्यापीठांना त्यातून सुमारे साडेपंचवीस कोटी डॉलर मिळाले. तुलनेसाठी सांगतो: १९२३ साली बॅन्टिंग, बेस्ट आणि कॉलिप ह्यांनी इन्सुलिनचे पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले होते. पन्नास वर्षांत विज्ञानाची नीती कोठून कोठे आली!

त्याच १९८० सालच्या १६ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल दिला की माणसाने घडविलेल्या जीवाणूवर पेटंट मिळू शकते. तो जीवाणू खनिज तेल पचविणारा होता, अनेक प्लास्मिडे एकत्र आणून तयार केलेला, आणि तो घडविणारे आनंद चक्रवर्ती बंगालमधील सैंथियाचे. सजीवावर मालकी सांगता येते हे तत्त्व अशा रीतीने प्लास्मिडांच्या पाठीवर बसूनच जगात आले.

परंतु चित्राची दुसरी बाजूही आहे. बोयर ह्यांच्याच प्रयोगशाळेत फ्रान्सिस्को बोलिव्हार हा मेक्सिकोचा तरुण आणि रेमंड रॉड्रिगेझ हे काम करीत होते. त्यांनी १९७७ साली ४,३६१ अक्षरांचे एक सुटसुटीत प्लास्मिड बांधले. त्याच्या नावातील ‘बीआर’ ही ह्या दोघांची आद्याक्षरे. ते त्यांनी मागेल त्याला दिले आणि पुढील कित्येक वर्षे जगातील प्रयोगशाळांचे ते रोजचे अवजार झाले. बोलिव्हार मायदेशी परतले आणि मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठात जैवतंत्रज्ञानाची संस्था उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. १९८६ साली प्रसिद्ध झालेली आणि आज सर्वाधिक वापरात असलेली ‘पेट’ मालिका विल्यम स्टुडिअर ह्यांच्या कामातून निघाली, आणि ते काम अमेरिकन शासनाच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेतील. १९८८ साली मेलबर्न येथील स्मिथ आणि जॉन्सन ह्यांनी टॅगची आणखी एक रीत दिली. त्यांची खूण आली कोठून, तर शिस्टोसोमा नावाच्या रक्तातील कृमीपासून. गुडघाभर पाण्यात भातलावणी करणाऱ्या आशियातील गरिबांना जो रोग होतो, त्याच्यावर लस शोधताना त्यांना हे प्रथिन हाती लागले होते. ती लस अद्याप घरोघर पोहोचलेली नाही. ती खूण मात्र बाजारात विक्रीस आली. सहा हिस्टिडिनांची खूण ही खासगी कंपनीची, बासेलच्या रोशमधील होखुली व सहकाऱ्यांची, ऐंशीच्या दशकाच्या अखेरची. खासगी उद्योगाने काहीच शोधले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही.

टॅक ह्या एन्झाइमची कथा तर आपल्या प्रत्येक शिबिरात सांगावी अशी आहे. करोनाच्या तपासणीत प्रती काढणारे जे दुसरे एन्झाइम, ते हेच. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ ह्यांनी यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानातील उकळत्या झऱ्यांतून एक जीवाणू मिळविला आणि सार्वजनिक संग्रहात ठेवला. त्यातील एन्झाइम उष्णतेने मरत नाही. १९८० च्या दशकात एका कंपनीने त्याचा उपयोग केला आणि १९९१ साली त्या तंत्राचे हक्क रोशला तीस कोटी डॉलरना विकले गेले. १९९९ च्या डिसेंबरात अमेरिकेतीलच एका न्यायाधीशाने असा निर्णय दिला की नैसर्गिक टॅकवरील पेटंट कार्यालयाची दिशाभूल करून मिळविलेले होते. तोवर जगातील गरीब प्रयोगशाळांनी किती वर्षे किंमत मोजली त्याचा हिशेब कोण करणार?

पण अनेकांनी ती मोजली नाही, आणि हा भाग मला महत्त्वाचा वाटतो. १९९० साली मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड एंगेल्के आणि सहकाऱ्यांनी टॅकचे जनुक प्लास्मिडात घालून ई. कोलायकडून ते बनवून घेण्याची सोपी कृती छापली. शुद्धीकरणासाठी खुणेचीही गरज नाही: जीवाणूंचा रस तापविला की त्यांची स्वतःची प्रथिने नासलेल्या दुधासारखी गोठून खाली बसतात आणि उकळत्या झऱ्यातले टॅक तेवढे वर शाबूत राहते. जगभरच्या विद्यापीठांत विद्यार्थी तीस वर्षे हे करीत आले आहेत. आपल्याकडे किनवटजवळ उनकेश्वरला उष्ण झरे आहेत आणि बुलढाण्यात लोणारचे क्षारयुक्त सरोवर आहे. दोन्ही ठिकाणच्या जीवाणूंचा अभ्यास आपल्या संशोधकांनी केलेला आहे. तेथेही असे काही असेलच असा दावा मी करीत नाही. शोधणाऱ्याला आधी हाताशी साधन लागते, एवढेच माझे म्हणणे.

आता एक अप्रिय गोष्ट. १९९१ च्या अखेरीस डंकेल प्रस्ताव आला, तेव्हा त्याविरुद्धच्या मोर्चांत मीही चाललो आहे. तो लढा योग्यच होता आणि २००५ साली आपल्याकडे औषधांवर उत्पादन-पेटंट आले तेव्हा आपली भीती काल्पनिक नव्हती हे दिसून आले. परंतु त्या घोषणांच्या गलबल्यात एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष झाले. कोहेन-बोयर पेटंट भारतात कधी नव्हतेच. अर्ज करण्याआधी त्यांचा निबंध छापला गेला होता, म्हणून अमेरिकेबाहेर त्यांना हक्क मिळाला नाही. शिवाय १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधी पदार्थांवर मालकी नाकारली होती. म्हणजे जगात ज्या रानाला कुंपण पडत होते, त्याचा आपल्या शिवारातला तुकडा तीस वर्षे मोकळा होता. आणि आज? टॅक, हिस्टिडीन-खूण, ‘पेट’ मालिका, ह्या सर्वांच्या मूळ पेटंटांची मुदत उलटून गेली आहे. कुंपण मोडून पडले आहे आणि आपण अजून बांधावर उभे राहून घोषणा देतो आहोत.

कुंपणाचे काही खांब शिल्लक आहेत हे मान्य करतो. प्लास्मिडाबरोबर पुष्कळदा एक करारनामा येतो: हे तिसऱ्याला देऊ नये, व्यापारी उपयोग करू नये. अमेरिकेत २००४ साली निघालेल्या ॲडजीन ह्या ना-नफा संस्थेकडे जगभरच्या शास्त्रज्ञांनी लाखाहून अधिक प्लास्मिडे ठेवली आहेत आणि ती खर्चापुरत्या शुल्कात मिळतात; तिचे कार्य मोठे आहे, पण तिच्या करारातही वाटपावर बंधन आहे. २०१८ साली काही शास्त्रज्ञांनी पुनर्वाटपाला मुभा देणारा खुला करार पुढे आणला. आपल्याकडे २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला बी जपण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क लेखी दिला आहे. हा हक्क शेतकरी चळवळीने मिळविला. शासनाच्या पैशाने बनलेल्या प्रत्येक प्लास्मिडाला हाच नियम का लागू नसावा? नवे कायदेमंडळ बोलवावयाची त्यासाठी गरज नाही. अनुदान देताना एक अट घातली तरी पुरे.

दिल्लीतील राज्यकर्त्यांची ह्या विषयातील समज किती, त्याचे एक उदाहरण देतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या आयात रसायनांवरील सीमाशुल्क १० टक्क्यांवरून एकदम १५० टक्के करण्यात आले. दारूसाठी लागणारे इथेनॉल ‘प्रयोगशाळेची रसायने’ ह्या नावाखाली आणले जाऊ नये, असा हेतू सांगितला गेला. देशभरच्या शास्त्रज्ञांनी ओरड केली आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ते पुन्हा १० टक्क्यांवर आले. चोर धरण्यासाठी सगळ्या गावाची दारे बंद करावी तसे झाले. पण त्या आठ दिवसांच्या घबराटीने आपले परावलंबित्व उघडे पाडले, हा तिचा उपयोग.

‘शासनाने बनवावे’ म्हटले की समोरून एक प्रश्न येतो आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पिंपरीचे काय झाले? १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. देशातील सार्वजनिक क्षेत्राचा तो पहिला औषध कारखाना. पेनिसिलिन बनविले, हॅमायसिन हे स्वतःचे नवे औषध शोधले, आणि नव्वदच्या दशकात तो आजारी उद्योगांच्या यादीत गेला. त्यातून मी घेतलेला धडा असा की बुरशीचे वाण आणि तंत्र सतत सुधारत राहावे लागते, आणि ते काम मंत्रालयातील फायलींच्या गतीने होत नाही. आपले सहकारी साखर कारखानेही आपण पाहिले आहेत. किण्वनाच्या टाक्या चालविणारे कुशल हात ह्याच भागात आहेत आणि सहकाराचा मालक होऊन बसणारे हातही ह्याच भागात आहेत. म्हणून मी प्रचंड कारखाना मागत नाही.

खासगी उद्योगाने हे करून दाखविले आहे हेही सांगितले पाहिजे. जनुक-जोडणीने बनविलेले पहिले मानवी इन्सुलिन १९७८ साली ई. कोलायमधून निघाले, तेही एका मोठ्या प्रथिनाच्या शेपटीला जोडून आणि मग तोडून. १९८२ साली ते बाजारात आले. त्यापूर्वी ते डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. २००३ साली तशा प्रकारचे इन्सुलिन आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेस, वोखार्टने बनविले. त्यासाठी जीवाणूऐवजी यीस्ट वापरले, पण तत्त्व तेच. मार्च २०२० मध्ये करोनाच्या तपासणीची पहिली मान्यताप्राप्त भारतीय डबी पुण्याच्या मायलॅबने आणली. म्हणजे बुद्धी आहे, हात आहेत, कारखानेही आहेत. जे नाही ते कोणाच्याही मालकीचे नसलेले, सर्वांना खुले असे बियाण्याचे कोठार.

माझी मागणी लहान आहे. राज्यातील एका विद्यापीठात प्लास्मिडांचा सार्वजनिक संग्रह असावा. मुदत संपलेल्या पेटंटांची, मुक्त वापराची प्लास्मिडे त्यात तपासून, त्यांची अक्षरे वाचून ठेवावीत आणि कोणत्याही महाविद्यालयाला टपालखर्चात द्यावीत. प्रत्येक विभागात, आपल्या बाबतीत धाराशिवच्या उपकेंद्रासारख्या ठिकाणी, एक छोटे केंद्र असावे जे टॅक आणि तशी चार-सहा एन्झाइमे बनवील. गुणवत्तेची तपासणी मात्र स्वतंत्र यंत्रणेने करावी. रुग्णाच्या तपासणीत जाणारा माल आणि विद्यार्थ्याच्या सरावाचा माल ह्यांत फरक केलाच पाहिजे, आणि ‘स्वदेशी आहे’ म्हणून निकृष्ट माल कोणी खपवून घेऊ नये. १९८९ च्या नियमांप्रमाणे जैवसुरक्षा समितीही हवी. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके असलेला रस्सा मोरीत ओतून देण्याची वस्तू नव्हे. एवढी शिस्त आपल्या मुलांना शिकविता येत नाही असे मला कोणी सांगू नये.

हे साथीच्या आधी व्हावयास हवे. साथ आल्यावर विमाने बंद होतात आणि प्रत्येक देश आपल्या कुप्या आपल्याकडेच ठेवतो, हे आपण एकदा पाहिले. पुढच्या वेळी मंदिराचे दार किती महिने बंद राहील, हे तपासणी किती लवकर आणि किती स्वस्त होते ह्यावर थोडेफार अवलंबून राहील.

कार्यकर्त्यांनी काय करावे असे विचाराल. एक काम ह्याच महिन्यात होण्यासारखे आहे. माहितीच्या अधिकारात दोन अर्ज करावेत. पहिला जिल्हा रुग्णालयाकडे: २०२० ते २०२२ ह्या काळात तपासणीच्या डब्या कोणाकडून, किती आणि कोणत्या दराने घेतल्या? दुसरा आपल्या भागातील अनुदानित विज्ञान महाविद्यालयांकडे: गेल्या पाच वर्षांत एन्झाइमांवर किती खर्च झाला, त्यातले आयात किती आणि वाया गेलेले किती? उत्तरे आली की मला पाठवा, मी त्यांचा हिशेब मांडून देईन. ते काम मला येते. पुतणीच्या मुलीने अर्जांचा मसुदा लिहून दिला आहे, तो संयोजकांकडे ठेवला आहे. आता प्रश्न असतील ते घेऊ. जीवशास्त्राचे अवघड असतील ते मी तिलाच विचारीन.